दत्तक बोक्याची चार दुखणी आणि उपचारांचा क्रम

कर्वेनगरकरीण | २४ जून

नमस्कार. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुण्यातील एका निवारा केंद्रातून सुमारे चार वर्षांचा एक बोका दत्तक घेतला. केंद्राच्या कागदावर त्याचे नाव सिंबा असे होते. परंतु तो उंबरठ्याच्या आत येताच त्याचे भरलेले गाल आणि कपाळावरचा त्रासिक भाव पाहून सासूबाईंनी त्याला तात्या म्हणायला सुरुवात केली आणि त्यानंतर सिंबा हे नाव घरात कोणी उच्चारले नाही. त्याच कागदावर नसबंदी झालेली, लसीकरण पूर्ण, जंताचे औषध दिलेले आणि प्रकृती निरोगी असे चार शेरे होते. डाव्या कानाचे टोक कापलेले, म्हणजे नसबंदीची खूण केलेली असल्यामुळे पहिल्या शेऱ्याबद्दल शंका नव्हती. शेवटच्या शेऱ्याबद्दल मात्र गेल्या अठरा दिवसांत मला बरेच काही शिकायला मिळाले आहे.

घरात शेवंता नावाची नऊ वर्षांची मांजर आधीपासून आहे, म्हणून तात्याला आम्ही अभ्यासिकेत स्वतंत्र ठेवले. पहिले दोन दिवस तो पुस्तकांच्या कपाटाखालून बाहेर आला नाही आणि त्याने जवळजवळ काहीच खाल्ले नाही. नवी जागा म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही. तिसऱ्या दिवशी उकडलेल्या कोंबडीचा वास येताच तो धावत वाटीपाशी आला, त्याने एक घास तोंडात घेतला आणि किंचाळून मागे सरून पंजाने तोंड चोळू लागला. त्याच सुमारास तो सारखी मान झटकत असल्याचे लक्षात आले. कानांत कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ साचलेला होता. बाराव्या दिवशी माझ्या मुलीच्या हातावर एक गोल, कडा उठलेला चट्टा आला. सासूबाईंनी तो पाहताक्षणी गजकर्ण म्हणून सांगितले, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी तर हात पाहण्याआधीच घरात मांजर आणले आहे का, असे विचारले.

आजपर्यंतचे निदान असे आहे: कानांत गोचिडासारखे सूक्ष्म कीटक, त्वचेवर नायट्याची बुरशी, तोंडात अगदी घशाच्या कडेपर्यंत पसरलेली लालभडक सूज, आणि कालच्या रक्तचाचणीत एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, पॉझिटिव्ह. वजन अवघे ३.४ किलो भरले.

मी दोन डॉक्टरांना दाखवले. पहिल्यांचे म्हणणे असे की, जनावर भुकेले आहे, तेव्हा स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन आधी तोंडाची आग थांबवावी. दुसऱ्यांनी त्याला ठाम नकार दिला आणि बुरशी आटोक्यात आल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये, असे बजावले. दोघेही अनुभवी आहेत. त्यामुळे मला येथे रोगांची माहिती नको आहे, ती मी पुरेशी वाचली आहे. चार दुखणी एकाच वेळी असताना सुरुवात कोठून करावी, हा माझा प्रश्न आहे. आणि शेवंताचे काय?

नदीकाठ | २४ जून

स्पष्टच लिहितो, राग मानू नये. कागदावर निरोगी लिहिलेला बोका प्रत्यक्षात चार आजार घेऊन आला असेल, तर तो केंद्राला परत करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. घरात लहान मूल आहे, वयस्कर माणूस आहे आणि नऊ वर्षांची दुसरी मांजर आहे. भूतदया ही आपल्या ऐपतीच्या आणि घराच्या मर्यादेतच करावी. हा खर्च कोठपर्यंत जाईल, याचा अंदाज आज तुम्हाला कोणीही देणार नाही.

जुना पशुवैद्य | २५ जून

मी आता व्यवसाय करत नाही आणि न पाहिलेल्या रुग्णाला औषधाची मात्राही सांगणार नाही. परंतु क्रमाविषयीचा आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर देता येण्याजोगे आहे. ही चार दुखणी परस्परांत गुंतलेली आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला मारक ठरू शकते. म्हणून गुंता कोणत्या टोकाने सोडवायचा, हे आधी ठरवावे लागते.

एफआयव्हीची चाचणी बुरशीच्या औषधाआधी झाली, हे फार बरे झाले. कारण नायट्यावर ग्रिसिओफल्व्हिन नावाचे एक जुने, स्वस्त औषध आहे आणि ते अजूनही काही ठिकाणी लिहून दिले जाते. एफआयव्ही असलेल्या मांजरांत त्या औषधाने अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. तेव्हा आपल्या तात्यासाठी ते औषध बाद. इट्राकोनॅझोल चालते, ते बहुधा एक आठवडा देऊन एक आठवडा थांबणे अशा पद्धतीने दिले जाते. मात्र त्याचा भार यकृतावर पडतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी एएलटी (यकृताची स्थिती दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे आणि मध्ये एकदा पुन्हा तपासावे. औषध सुरू असताना खाणे अचानक कमी झाले, तर तोंड दुखत असेल असे गृहीत धरून थांबू नये, डॉक्टरांना कळवावे.

स्टिरॉइडबाबत मी आपल्या दुसऱ्या डॉक्टरांशी सहमत आहे. स्टिरॉइडने तोंडाची सूज दोन दिवसांत उतरलेली दिसेल, बोका खाऊ लागेल आणि घरातील सर्वांना बरे वाटेल. परंतु आधीच प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू अंगात, त्यात त्वचेवर जिवंत बुरशी, अशा वेळी उरलीसुरली प्रतिकारशक्ती आपण स्वतः दाबली, तर नायटा अंगभर पसरेल आणि तो आपल्या मुलीच्या एका चट्ट्यावर थांबणार नाही. पहिल्या डॉक्टरांचा मुद्दाही मी मोडीत काढत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर शरीरातील चरबी यकृतात साचू लागते, आणि ते दुखणे स्वतंत्रपणे जीव घेऊ शकते. म्हणून मांजरांना चालणारे वेदनाशामक आजच मागून घ्या. कोंबडी मिक्सरमधून काढून, कोमट पाण्यात पातळ करून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी द्या. वजन एक दिवसाआड करा. स्वयंपाकघरातील काटा लहान पडेल, स्वतः बोक्यासह वजनकाट्यावर उभे राहून नंतर आपले वजन वजा करा.

कानातील कीटकांचा प्रश्न या सगळ्यात सर्वांत सोपा आहे. मानेवर टाकायच्या थेंबांनी ते जातात, मात्र औषध शेवंतालाही त्याच दिवशी द्यावे.

तोंडाचे खरे उत्तर शेवटी येईल आणि ते गोळ्यांत नाही. हिरड्यांची आणि घशाच्या कडेची अशी जुनाट सूज असलेल्या मांजरांत शरीर दातांवर साचणाऱ्या थरालाच शत्रू मानू लागते. दाढा आणि उपदाढा काढून टाकल्या, की बहुतेकांना मोठा आराम पडतो; काहींना त्यानंतरही औषध लागते, हे आधीच माहीत असावे. पण त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि भूल देण्याआधी यकृत धड असणे आवश्यक आहे. म्हणजे पुन्हा इट्राकोनॅझोल आधी संपले पाहिजे. क्रम असा लागतो: अन्न आणि वेदना आज, कान या आठवड्यात, बुरशी पुढचे दोन महिने, दात त्यानंतर.

आता एफआयव्हीविषयी, कारण या तीन अक्षरांनी लोक विनाकारण हबकतात. हा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथील मांजरांत प्रथम सापडला. तो माणसाला होत नाही. मांजरा-मांजरांत तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. एकाच वाटीतून पाणी पिण्याने पसरण्याची शक्यता नगण्य आहे. आपल्या सासूबाईंना आवडलेले ते भरलेले गाल ही खरे तर त्याच्या आजाराची पहिली खूण होती. असे गाल उशिरा नसबंदी झालेल्या बोक्यांना येतात, म्हणजे नसबंदीपूर्वीची दोन-तीन वर्षे त्याने हद्दीवरून मारामाऱ्या करण्यात घालवलेली असणार. दवाखान्यातील किट विषाणू शोधत नाही, त्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. प्रौढ मांजरात पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा संसर्ग आहेच, तरी साठ दिवसांनी दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी. सहा महिन्यांखालील पिल्लात मात्र ती आईकडून आलेली प्रतिपिंडे असू शकतात, त्यामुळे पिल्लू पॉझिटिव्ह आले म्हणून घाईने कोणताही निर्णय घेऊ नये. अशी मांजरे घरात, वेळेवर तपासणी करून, अनेक वर्षे चांगली जगतात. मांजरांतील ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषाणू निगेटिव्ह आला आहे ना? तो एकमेकांना चाटण्यातूनही पसरतो, म्हणून शेवंताच्या दृष्टीने तो अहवाल अधिक महत्त्वाचा आहे.

रविवारची स्वयंसेविका | २५ जून

आपण ज्या केंद्रातून बोका आणला, ते केंद्र माझे नाही, तरी अशाच एका ठिकाणी मी सहा वर्षे काम करत असल्यामुळे दुसरी बाजू मांडते. आमच्याकडे निरोगी हा शब्द ज्या अर्थाने लिहिला जातो, तो अर्थ घरी नेणाऱ्या माणसाच्या मनातला नसतो, हे मान्यच केले पाहिजे. त्या दिवशी नाक वाहत नव्हते, जुलाब नव्हते, ताप नव्हता, एवढाच त्याचा अर्थ असतो. एका खोलीत दहा-बारा मांजरे असताना प्रत्येकीचे तोंड रोज उघडून पाहिले जात नाही, आणि विषाणूचाचणीचे पैसे दहा मांजरांवर खर्च करावेत की त्याच पैशांत आणखी काही नसबंदी शस्त्रक्रिया कराव्यात, असा प्रश्न आला, की बहुतेक केंद्रे शस्त्रक्रिया निवडतात. तो निर्णय मी चुकीचा मानत नाही. तो नेणाऱ्याला न सांगणे मात्र चूक आहे.

म्हणून मी ओळखीच्यांना सांगते की, 'निरोगी आहे का' असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी होय असेच मिळते. केंद्रात आला कधी, आला तेव्हाचे वजन आणि आजचे वजन किती, खोलीत सोबत कोणकोण होते आणि त्यांपैकी गेल्या महिन्यात कोणी आजारी पडले का, असे विचारावे. या प्रश्नांना उत्तरे देताना आम्हालाही वही उघडावी लागते.

कर्वेनगरकरीण | २५ जून

डॉक्टर, आपला प्रतिसाद मी मोठ्याने घरात वाचून दाखवला. वेदनाशामक आजच मिळाले आणि रात्री तात्याने पाऊण वाटी पातळ खिमा खाल्ला. ल्युकेमियाची चाचणी निगेटिव्ह आहे. सासूबाई मात्र गालांच्या खुलाशाने थोड्या खट्टू झाल्या आहेत.

स्वयंसेविकाताई, आपण प्रामाणिकपणे लिहिलेत म्हणून मीही लिहिते. त्या केंद्राच्या कागदावर आवडीनिवडींच्या रकान्यात 'ओले अन्नच पसंत करतो, थोडा लाडावलेला आहे' असे लिहिलेले होते. आज तो कागद पुन्हा पाहिला आणि मला संताप आला. कोरडा दाणा चावताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असणार, आणि केंद्राने ते आवड म्हणून नोंदवले. मी केंद्रात फोन केला तेव्हा त्यांनी नम्रपणे, परत आणायचा असल्यास आणा, एवढेच सांगितले. फसवण्याचा त्यांचा हेतू होता, असे मला वाटत नाही, परंतु कोणीतरी त्याला जेवताना एकदा तरी बघायला हवे होते.

नदीकाठजी, परत करण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, असे मी म्हणणार नाही. दोन रात्री आला. सध्या तो बाजूला ठेवला आहे.

डोंगरउतार | २६ जून

माझ्या शेजाऱ्यांकडे कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब आहेत. कानातील कीटकांसाठी त्याचे दोन थेंब चालणार नाहीत का? नायट्यावर हळद आणि कडुनिंबाचा लेप आमच्याकडे परंपरेने लावतात. मांजराला ताप असल्यास अर्धी क्रोसिन देतात, असेही ऐकले आहे.

जुना पशुवैद्य | २६ जून

नाही, नाही आणि कदापि नाही.

कुत्र्यांच्या अशा अनेक औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराचे यकृत ते मोडू शकत नाही. काही तासांत थरथर आणि झटके सुरू होतात. वेष्टनावर कुत्र्याचे चित्र असलेले कोणतेही औषध मांजराला, कितीही कमी प्रमाणात, लावू नये. क्रोसिनमधील पॅरासिटामॉल तर त्याहून वाईट. अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता संपते. लेपाबद्दल एवढेच सांगतो की, मांजर अंगावर लावलेले सर्व काही चाटून पोटात घेते. डोंगरउतार यांनी हे करण्याऐवजी आधी विचारले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण न विचारता करणारे दवाखान्यात फार उशिरा पोहोचतात.

खडकीची खिडकी | २७ जून

विषय तात्याचा आहे, तरी खोलीच्या स्वच्छतेविषयी माझा अनुभव लिहिणे मला कर्तव्य वाटते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका केंद्रातून अडीच महिन्यांचे पिल्लू आणले. लसीचा पहिला डोस आदल्याच दिवशी झालेला होता. चौथ्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले, पाणी मात्र पीत नव्हते. रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ शिल्लक नव्हत्या. पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग. सहाव्या दिवशी पहाटे ते गेले.

पहिल्या डोसने लगेच संरक्षण मिळत नाही आणि रोगाची बाधा आमच्याकडे येण्याआधीच झालेली होती, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे. आम्ही घर आपल्या नेहमीच्या फिनाईलने पुसून काढले आणि महिन्याभरात दुसरे पिल्लू आणण्याचे ठरवले. डॉक्टरांनी दोन्ही बाबतींत आम्हाला थांबवले. हा विषाणू फरशीच्या सांध्यांत वर्षभरही तग धरू शकतो, आणि स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करण्याचे द्रव त्याला लागू पडत नाहीत. ब्लीच लागू पडते, एक भाग ब्लीचला साधारण बत्तीस भाग पाणी, आधी फरशी साबणाने स्वच्छ करून मग ते दहा मिनिटे राहू द्यायचे आणि नंतर साध्या पाण्याने पुसायचे. फिनाईल मात्र मांजर असलेल्या घरात आणूच नये. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालते आणि मग पंजे चाटते. त्यातील फिनॉल मांजरांना विषारी आहे. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या फिनाईलचा वास म्हणजेच स्वच्छता असे समीकरण होते, त्यामुळे आईला हे पटवायलाच आठवडा गेला.

तात्याच्या खोलीत काय वापरता, ते कृपया तपासा.

कर्वेनगरकरीण | २७ जून

फिनाईलच वापरत होतो. आज बाटली सोसायटीच्या रखवालदाराकडे दिली.

पिल्लाबद्दल वाचून वाईट वाटले.

कर्वेनगरकरीण | ३ ऑगस्ट

मधल्या काळाचा वृत्तांत देते, कारण काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून चौकशी केली आहे.

एएलटी सामान्य आल्यावर २८ जूनला इट्राकोनॅझोल सुरू झाले आणि एक आठवडा आड अशी तिसरी फेरी परवा संपली. मधल्या तपासणीतही यकृत ठीक होते. त्यासोबत आठवड्यातून दोन वेळा बुरशीनाशक शाम्पूने अंघोळ घालायची होती, आणि हे प्रकरण आषाढात करायचे होते. शाम्पू अंगावर दहा मिनिटे राहिला पाहिजे, असे बाटलीवर लिहिलेले असते. ती दहा मिनिटे बोक्याला न्हाणीघरात धरून बसलेल्या माणसाला घड्याळ बंद पडले की काय असे वाटते. बाहेर पावसाची झड, घरात काही वाळत नाही, आणि ओलसर बोका म्हणजे बुरशीला आमंत्रण. केस वाळवण्याच्या यंत्राच्या आवाजाने तो भिंतीवर चढू पाहत असे, म्हणून शेवटी आम्ही इस्त्रीने गरम केलेल्या पंचांचा उपाय शोधला. एका अंघोळीला सहा पंचे लागतात. सासूबाई इस्त्री करत आणि मी पुसत असे. दोनदा तो माझ्या दंडावर चढून खांद्यावरून पळाला, त्याच्या खुणा अजून आहेत. चौथ्या अंघोळीपासून तो प्रतिकार करेनासा झाला. आवडू लागले म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असे.

खोलीतील गालिचा, उशा आणि पडदे बाहेर काढले. केस रोज झाडून पिशवीत बांधून टाकतो, कारण बुरशीचे कण गळलेल्या केसांवर महिनोन् महिने टिकतात. कपडे वेगळे, दोनदा धुतो. मुलीचा चट्टा मलमाने तीन आठवड्यांत गेला. तिच्या शाळेत मी स्वतःहून कळवले होते.

शेवंताच्या अंगावर काहीच दिसत नसले, तरी तिचाही नमुना घ्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याची पद्धत गमतीदार आहे. एक कोरा टूथब्रश घेऊन दोन-तीन मिनिटे अंगभर फिरवतात आणि ब्रशमध्ये आलेले केस प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हिरवट चमक दिसली तर बुरशी आहे असे समजतात, पण चमक दिसली नाही म्हणून ती नाही असे म्हणता येत नाही. त्यासाठी ब्रशचाच अहवाल हवा. शेवंताचा अहवाल निगेटिव्ह आला. तात्याचे दोन लागोपाठ निगेटिव्ह आल्याशिवाय खोलीचे दार उघडायचे नाही.

वजन ३.८ किलो.

नदीकाठ | ३ ऑगस्ट

मी परत करण्याचा सल्ला दिला होता आणि तो सल्ला त्या परिस्थितीत चुकीचा नव्हता, असे मला आजही वाटते. ज्या घरात इस्त्री करणाऱ्या सासूबाई नाहीत, त्या घरासाठी तो आजही लागू आहे. पण तुमच्या घराविषयीचा माझा अंदाज चुकला. एकंदर खर्च किती झाला, हे लिहिता येईल का? पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

कर्वेनगरकरीण | ४ ऑगस्ट

सल्ल्याबद्दल राग नव्हता. आतापर्यंत चाचण्या, औषधे, शाम्पू आणि दवाखान्याच्या फेऱ्या मिळून साधारण चौदा हजार रुपये झाले आहेत. दातांच्या शस्त्रक्रियेसाठी आणखी वीस ते पंचवीस हजारांचा अंदाज दिला आहे. हे आकडे आमच्या दवाखान्याचे आहेत, इतरत्र वेगळे असू शकतील.

जुना पशुवैद्य | ४ ऑगस्ट

खर्चाचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांनी औंधच्या शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील रुग्णालयाचाही विचार करता येईल. आपल्याकडे जनावरांचा सरकारी दवाखाना म्हटले की गायी-म्हशीच डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे मांजरवाले तेथे जातच नाहीत.

शस्त्रक्रिया ठरवताना एक गोष्ट अवश्य विचारा: दातांचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का? मांजराच्या दाढेचे मूळ नाजूक असते, ते आत तुटून राहिले तर सूज कायम राहते आणि शस्त्रक्रिया वाया गेली असे वाटते. दात काढल्यानंतर पुन्हा एक्स-रे घेऊन काही उरलेले नाही, याची खात्री करणारा दवाखाना निवडा, थोडा लांब असला तरी चालेल.

कर्वेनगरकरीण | ११ ऑक्टोबर

ऑगस्टमध्येच बुरशीचे दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले. एफआयव्हीची दुसरी, पीसीआर पद्धतीची (विषाणूचा अंश थेट शोधणारी) चाचणी अपेक्षेप्रमाणे पॉझिटिव्ह आली, म्हणजे आता त्याबद्दल संशय उरला नाही. गणपती झाल्यावर दातांची शस्त्रक्रिया केली. एक्स-रेबद्दलची सूचना किती मोलाची होती, ते तेव्हा कळले. उजवीकडच्या खालच्या हिरडीत, वरून जेथे दातच दिसत नव्हता, तेथे जुन्या तुटलेल्या दाढेची दोन मुळे आत रुतलेली सापडली. ती किती वर्षे तेथे होती, कोण जाणे. सुळे आणि पुढचे दात ठेवले, बाकी सर्व काढले. पहिले तीन दिवस लाळेत रक्त दिसत होते आणि तो माझ्याकडे पाठ करून बसत असे. दहाव्या दिवशी त्याने वाटी चाटून पुसली.

घशाजवळची लाली पूर्ण गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, पुढील काही महिन्यांत आणखी कमी होईल, आणि न झाल्यास औषधाचा विचार करू. आता बुरशी नसल्यामुळे पर्यायही अधिक आहेत. वजन ४.३ किलो. काल त्याने शेवंताच्या वाटीतून सांडलेले कोरडे दाणे दाराखालून पंजाने ओढून घेतले आणि न चावता गिळले.

शेवंताची ओळख जाळीच्या दारातून सुरू केली आहे. पहिला आठवडा ती फिसकारत होती. आता ती जाळीला पाठ लावून बसते आणि तो पलीकडे तिच्या शेपटीकडे पाहत बसतो.

जुना पशुवैद्य | ११ ऑक्टोबर

वजन वाढले, ही सर्वांत चांगली बातमी. जाळी काढण्याची घाई करू नये. एका वाटीने एफआयव्ही पसरण्याची शक्यता नगण्य आहे, हे मी पूर्वी लिहिले आहे. आपल्याला मारामारी टाळायची आहे, आणि तिचा संभव सुरुवातीच्या दिवसांत अधिक असतो. दोघांच्या वाट्या आणि मातीची घमेली वेगवेगळ्या जागी ठेवावीत. त्याआधी शेवंताच्या रक्ताची एकदा चाचणी करून घ्यावी. नऊ वर्षांच्या मांजरीची मूत्रपिंडे आणि दातही त्याच फेरीत पाहून होतील. तात्याला आता घराबाहेर कधीच सोडू नये, त्याच्यासाठी आणि सोसायटीतील इतर मांजरांसाठीही. वर्षातून दोनदा तपासणी आणि वजन.

रविवारची स्वयंसेविका | १२ ऑक्टोबर

एक लहानशी आठवण करून देते. पुणे महानगरपालिकेने आता पाळीव मांजरांसाठीही परवाना ठेवला आहे आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. आजारपणात तात्याची ती लस लांबली असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि 'ओले अन्नच पसंत करतो' हे आपले वाक्य मी आमच्या केंद्रात वाचून दाखवले. आता मांजर ओलेच खाते असे कोणी नोंदवले, की त्यापुढे तोंड पाहिले का, असा रकाना आम्ही हाताने आखला आहे.

कर्वेनगरकरीण | १२ ऑक्टोबर

लस राहिली आहे, या फेरीत विचारते. गुरुवारी दोघांनाही एकत्र न्यायचे ठरले आहे. तात्याची अडचण नाही. इतक्या फेऱ्या झाल्या आहेत की टोपली जमिनीवर ठेवली की तो स्वतःहून आत जाऊन बसतो. शेवंता मात्र तीन वर्षांत दवाखान्यात गेलेली नाही, आणि टोपली माळ्यावरून काढल्याचा आवाज येताच ती धान्याच्या डब्यांमागे जाते. रिक्षा सकाळी साडेनऊला बोलावली आहे. कोणाकडे काही युक्ती असल्यास बुधवारच्या आत सुचवावी.